तात्या तारीख सांभाळतात

वरची वस्ती, सासवडच्या पुढे
९ डिसेंबर २०२५

तनुजा वहिनी,

पोचल्या पोचल्या लिहितो म्हणालो होतो आणि आज लिहितोय. टाळलं, खरं सांगायचं तर. आधी वही नव्हती. वही मिळाली तर बजरंग म्हणाला अंजिराच्या बागेत चल. तिथे पाखरं येऊ नयेत म्हणून एकाने झाडाझाडाला जुन्या सीड्या टांगल्यात, उन्हात चमकतात. मी त्या कशाकशाच्या आहेत ते वाचत हिंडलो. एक कोणाच्या तरी लग्नाची निघाली. नवरा-नवरीचं नाव आणि मधे पक्ष्याची शिट. असो.

फोन विहिरीत पडला. विहीर किती खोल आहे ते बघायला वाकलो, खिशातला फोन आधी गेला. म्हणून पत्रच. बजरंग रोज सकाळी दुधाचा टेंपो घेऊन हडपसरला डेअरीत येतो, तो तुमच्या गेटवर देईल. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

आता कामाचं. तुम्ही म्हणालात, गेनबा तात्यांना नुसतं बघून ये आणि किती दिवसांचे सोबती आहेत ते सांग. वहिनी, मी हबकलो. पडवीत बाज आहे. बाजेवर गोधडी आहे. गोधडीखाली माणूस आहे हे मला बराच वेळ कळलंच नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. हाक मारली तर वळत नाहीत. शेजारच्या विमलाबाई भाकरी दुधात कुस्करून आणतात, त्यातली निम्मी मांजराला जाते. मी विचारलं, कसं वाटतं तुम्हाला? तर म्हणाल्या, "आज हाय. उद्याचं मी सांगत न्हाई."

तुम्ही दिलेली सफरचंदं ठेवायला फळीशी गेलो तर तिथे आधीच सफरचंदं. वेगवेगळ्या पिशव्या, काही सुरकुतलेली, काही ताजी. कोणी आणली विचारलं तर विमलाबाई म्हणाल्या, पावनं येत्यात. तात्यांना दात एकही नाही, सफरचंदं शेळी खाते. शेळी मात्र एक नंबर झालीये.

दिग्विजय


हडपसर
११ डिसेंबर

दिग्विजय भावोजी,

फोन विहिरीत गेला याचं आश्चर्य वाटलं नाही. विहिरीत फक्त फोनच गेला याचं वाटलं.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहून वाचलं. घरी वाचता येत नाही, आई मागून डोकावतात. विमलाबाईंच्या फोनवरून कॉल करू नका. त्या स्पीकरवर बोलतात आणि तात्या तिथेच पडलेले. माणसासमोर कसं विचारायचं की अजून किती.

तुम्हाला मी दुष्ट वाटत असेन. पण तुम्ही वर्षातले सहा महिने गोवा, हंपी, कुठे कुठे असता, तुम्हाला इथलं माहीत नाही. लग्न झालं त्या वर्षी आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. बॅगा गाडीत. फोन आला, मांजरीचे कोणी काका गेले. सुतक. पुढच्या दिवाळीत उरुळीच्या घरात बाळ झालं. सुवेर. मग चिमी झाली. ती चार वर्षांची असताना केरळची तिकिटं काढली, तेव्हा कोणाच्या तरी आजी गेल्या, त्यांना मी एकदाही पाहिलं नव्हतं. तुमची भावकी एवढी मोठी आहे की दर महिन्याला कोणी येतं नाहीतर कोणी जातं, आणि आईंचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. सुतकात हौसमौज नाही. दहा दिवस म्हणजे दहा दिवस. तुमचे आजोबा आणि तात्या चुलतभाऊ, त्यामुळे सवलत नाही, विचारून झालं.

चिमी दर सुट्टीत वर्गात सांगून येते की आम्ही नवलनगरीच्या पाळण्यांत बसायला जाणार. यंदा तिच्या मैत्रिणी तिला म्हणाल्या, तू खोटं बोलतेस. सात वर्षांच्या मुलीला.

म्हणून सत्तावीस तारीख. मला सुट्टी तेवढीच मिळाली, आणि नाताळच्या आठवड्यात सगळं पुणं घाटाखाली उतरतं. दार उघडायच्या आधी गेटवर नसलो तर एका पाळण्यासाठी दीडदीड तास रांग. मी रांग चुकवायचे पास काढलेत. तुमचंही तिकीट आहे. आई धपाटे करणार म्हणतात. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हटलं, तर म्हणाल्या, धपाटे बाहेरचं खाणं कधीपासून झालं.

तारीख विसापर्यंत बदलता येते. मला फक्त सांगा, बदलू की नको. पाणी पितात का, पायाला सूज आहे का, माणसं ओळखतात का. आणि तुम्ही का आलात ते त्यांना सांगू नका.

तनुजा


वरची वस्ती
१३ डिसेंबर

वहिनी,

पायाला सूज नाही. पाणी पितात. माणसं ओळखतात. इतकी ओळखतात की मला अजून नीट बसवत नाहीये.

आज सकाळी चहात बिस्किट बुडवून भरवत होतो. भिंतीकडेच तोंड. बिस्किट गिळलं आणि म्हणाले, "तारीख काय तुमची?"

मला वाटलं आजची. तेरा, म्हणालो.

"आजची न्हाई रं. तुमची. लगीन हाय का वास्तुशांत?"

माझ्या हातातलं अर्धं बिस्किट कपात पडलं. मी म्हणालो, तात्या, मी तुम्हाला बघायला आलोय.

"सफरचंद घिऊन आलास. रिकाम्या हातानं आला असतास तर खरं वाटलं असतं."

वहिनी, आपण एकटे नाही. सगळी भावकी येऊन गेलीये. श्रावणात वाघोलीच्या दत्तप्रसादने भाच्याला पाठवलं होतं, त्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. तात्या म्हणाले, "म्हणलं, पोराचं घर हाय, हूं द्या. जिवाला धरलं." मग शुभंकरचं लग्न, तुळशीच्या लग्नानंतरचं. त्याची आई स्वतः आली, पायाशी बसून रडली, जाताना विमलाबाईंना विचारलं की डॉक्टर काय म्हणतात, तीन तारखेपर्यंत काढतील का. "लई दमलो हुतो तवा," तात्या म्हणाले. "पर धरलं. आता म्हणलं मोकळा झालो. तर तू आलास."

हे ते तक्रारीने म्हणत नव्हते. एसटी चुकली असं सांगावं तसं.

मग मी सांगून टाकलं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तो माणूस विचारतोय आणि त्याला आधीच माहीत आहे, तिथे काय लपवायचं. सत्तावीस तारीख म्हणालो, नवलनगरी म्हणालो. ते काय असतं म्हणाले. मी सांगितलं, पाळणे असतात, आपल्या जत्रेतल्यासारखे पण दहापट. एका गाडीत बसवून वर नेतात आणि उलटं करून सोडतात.

"कशापायी?"

मजा येते. भीती वाटते आणि मजा येते.

"पैसं दिऊन भ्या वाटून घ्यायचं?" हे म्हणताना ते वळले. पहिल्यांदा त्यांचं तोंड नीट पाहिलं. आपल्या आजोबांचं नाक आहे, वहिनी, तुम्ही फोटोत पाहिलंय ना, तेच. "पडत न्हाईत का मानसं? पटका सुटत न्हाई?"

मग चिमी किती वर्षांची ते विचारलं. बोटांवर काहीतरी मोजलं. म्हणाले, "सत्तावीस. बसतंय." आणि विमलाबाईंना हाक मारून भाताची पेज मागितली, मीठ जास्त घालून. विमलाबाईंच्या हातातली चूल फुंकायची फुंकणी तशीच राहिली. म्हणाल्या, महिन्यात पहिल्यांदा मागून खातायत.

तारीख बदलू नका. ते धरतील. पण हे वाक्य लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

दिग्विजय


हडपसर
१६ डिसेंबर

भावोजी,

पत्र वाचून डबा उघडला नाही. कलीग म्हणाली, घरी काही झालंय का. मी म्हटलं नाही, अजून काही झालेलं नाही. आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं.

काल यांना दाखवलं. तुमचा भाऊ वाचता वाचता हसायला लागला आणि मग थांबला. म्हणाला, मागच्या वर्षी दुकानाच्या उद्घाटनाआधी मीही गेलो होतो. मी विचारलं, काय नेलंस? पृथ्वीराज उठून बाल्कनीत गेला. न सांगताच कळलं.

आता ऐका, यापुढचं मी लिहितेय पण माझं नाही.

आईंना सगळं समजलं. पत्र यांनी टीव्हीपाशी ठेवलं होतं, अजून काय होणार. मला वाटलं त्या रडतील. त्या बराच वेळ मेथी निवडत राहिल्या आणि म्हणाल्या, सुतक कानावर पडल्यापासून लागतं. कानावर पडलंच नाही तर लागत नाही. शास्त्र आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळी लग्नघरात तसंच केलं होतं म्हणे, वरात परत येईपर्यंत तार उघडली नव्हती.

तर त्यांचं म्हणणं असं. तुम्ही सत्तावीसपर्यंत तिथेच थांबायचं. काही झालंच, तर बजरंगला तोंड बंद ठेवायला सांगायचं. तात्यांना मूल नाही, अग्नी तुम्हीच द्यायचा. आम्ही रात्री परत आलो की मग कळवायचं. तोपर्यंत आम्हाला माहीतच नाही.

मी आईंना म्हटलं, आई, हे बरोबर आहे का. तर म्हणाल्या, "तुला पोरीला घेऊन जायचंय ना? मग मी तुझ्याच बाजूने बोलतेय." आठ वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या बाजूने बोलल्या, भावोजी, आणि हे बोलल्या.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बॅगेत चिमीची टोपी भरली.

तनुजा


वरची वस्ती
१९ डिसेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मी विहिरीवर बसून दोनदा वाचलं आणि मग काय करावं कळेना म्हणून सीताफळाच्या बिया पाण्यात टाकत बसलो. त्या बुडतात. परत आलो तर तात्या म्हणाले, वाच.

मी म्हणालो, काय वाचू?

"हडपसरचं पत्र. माझ्यावरच हाय न्हवं?"

मी घरचं काहीतरी बनवून सांगायला लागलो. मला तेवढं जमत नाही, चिमीच्या शाळेवर आलो आणि अडकलो. मग सगळं वाचून दाखवलं. मेथीपासून टोपीपर्यंत, अग्नीचंही. विमलाबाई उंबऱ्यात भांडं घेऊन उभ्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे म्या गेलो तरी गेलो न्हाई?"

रात्रीपर्यंत, मी म्हणालो.

"आन मला कोन सांगनार, गेलास म्हनून?"

विमलाबाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. तात्यांनी मला विमलाबाईंना पाणी द्यायला लावलं. मग म्हणाले, "सरुबाई वंगाळ न्हाई. लग्नात लई लाजत हुती. माझ्यापुढं पदर खाली येऊ दिला न्हाई कधी." एवढंच. आईबद्दल दुसरा शब्द नाही.

वहिनी, आईला सांगा, मला हे जमणार नाही. मला बरीच कामं जमलेली नाहीत, बारावी जमली नाही, पण हे मुद्दाम जमणार नाही. तात्या गेले तर मी पहिल्या टेंपोने येईन. तुम्ही गेटच्या रांगेत असलात तर रांगेत येऊन सांगेन. चिमी माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. तुमची ट्रिप मोडली तर माझ्यामुळे मोडली म्हणा.

तात्या आता उठून बसतात. काल बाजेवरून उतरून शेळीपर्यंत गेले. दिवसभर नवलनगरीचंच विचारतात. धोतरावर बसू देतात का. कडेला धरायला असतं का. सकाळी किती वाजता दार उघडतात. हडपसरात डेअरीपासून आपली सोसायटी कुठल्या अंगाला. म्हातारं माणूस, विचारू दे. मी जमिनीवर काडीने नकाशा काढून दाखवला, पूल, भाजी मंडई, सगळं. जत्रेत तरुणपणी पाळणा फिरवायचे म्हणे, हाताने. फिरवणाऱ्याला बसायला मिळायचं नाही, म्हणून कधी बसले नाहीत.

दिग्विजय


हडपसर
२२ डिसेंबर

भावोजी,

बातमी दाबू नका. रांगेत येऊन सांगा. मी आईंना तसं सांगितलंय. त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण धपाट्यांचं पीठ भिजवायला काढलंय.

तारीख बदलायची मुदत गेली. मी बदलली नाही. एखाद्याने आपल्यासाठी धरून ठेवलंय आणि आपण दुसरी तारीख कळवायची, हे मला जमलं नसतं.

चिमीला थोडंसं सांगावं लागलं, की कदाचित जाता येणार नाही, एक आजोबा खूप आजारी आहेत. तिने विचारलं, मग आपण त्यांना भेटायला जाऊ या ना. मी म्हटलं, लांब आहे. ती म्हणाली, मेल्यावर जवळ येणार का? उत्तर असेल तर लिहा.

अठ्ठावीसला आम्ही सगळे वस्तीवर येतोय. रिकाम्या हाताने.

तनुजा


वरची वस्ती
२६ डिसेंबर, पहाटे

वहिनी,

बाज रिकामी आहे.

आत्ता उठलो. गोधडी घडी करून ठेवलीये, पायथ्याशी, नीट. काठी नाही. खुंटीवरचा पटका नाही. विमलाबाई कंदील घेऊन ओढ्याकडे गेल्यात, फोनही त्यांच्याबरोबरच गेला. मी विहिरीत दोनदा वाकून पाहिलं, अंधारात काही दिसत नाही, आणि मला तिकडे बघवत पण नाही. काल संध्याकाळी दाढी करून घेतली होती माझ्याकडून. मी विचारलं, कशाला? म्हणाले, वाढली. मला तेव्हा कळायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाने स्वतःहून दाढी करून घेतली की काहीतरी ठरवलेलं असतं. तुमच्या वाटेत नको म्हणून तर गेले नसतील कुठे. कुणाला सापडूच नये, म्हणजे कानावरही पडू नये.

बजरंगचा टेंपो खाली उभा आहे. त्याला विचारलं, दिसले का. तो कॅन मोजल्यासारखं करतो आणि नुसती मान हलवतो. त्याला माणसाची काही पडलेली नाही, दूध नासेल म्हणतो. हे पत्र त्याच्या हातात कोंबतोय. दादाला घेऊन ताबडतोब निघा. उद्याचं काही धरू नका.

मी ओढ्याच्या खालच्या अंगाला जातो.

दिग्विजय


हडपसर
२६ डिसेंबर, सकाळ

भावोजी,

ओढ्यातून बाहेर या.

विमलाबाईंचा फोन लागत नाहीये. हे पत्र बजरंग परत येताना देईल, तोपर्यंत तुम्ही किती विहिरी बघितल्या असतील देव जाणे. त्याला मारू नका. त्याला शपथ घातली होती.

सात वाजता बेल वाजली. दारात बजरंग, तुमचं पत्र पुढे केलेलं. मी तिथेच उघडलं. पहिली ओळ वाचली आणि यांना हाक मारायला तोंड उघडलं. तर बजरंगच्या मागून कोणीतरी म्हणालं, "वाचून झालं का? मग सरक बाजूला. थंडी वाजतीया."

पांढरं धोतर, पटका, गुळगुळीत दाढी. अंगाला दुधाचा वास, पहाटेपासून कॅनच्या मधे पोतं पांघरून बसले होते. तुम्ही टेंपोपाशी येऊन बजरंगशी बोलत होतात तेव्हा ते तुमच्यापासून हातभर अंतरावर होते. म्हणाले, "लई घाबरलंय पोरगं. पर सांगितलं असतं तर सोडलं नसतं." तुमचा काडीचा नकाशा बरोबर निघाला म्हणे, फक्त पूल तुम्ही उलट्या बाजूला काढला होता.

हातात पिशवी होती. माझीच. मी तुमच्याबरोबर दिलेली, गाठही मीच मारलेली, न सुटलेली. म्हणाले, पोरीला. मला दात न्हाईत.

मी ती पिशवी घेऊन उभी होते तेव्हा आई आतून आल्या. धपाट्यांच्या पिठाने हात भरलेले. तात्यांना बघितलं. मग भावोजी, त्यांनी पिठाच्या हाताने डोक्यावर पदर ओढला, पार कपाळापर्यंत, लग्नातल्यासारखा. आणि तशाच वाकल्या. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे सरुबाई. जिता हाय अजून, कुनी काय कानावर घालू नगा." आईंनी मान वर केलीच नाही. आत गेल्या. मी मागे गेले तर त्या धपाटे मऊ करायला पिठात दूध ओतत होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

पृथ्वीराजने बूट घातलेत, कुठे जायचंय ते त्यालाही माहीत नाही. मी त्यांच्या तिकिटाचं बघतेय. वयाचा दाखला मागतील, मोठ्या पाळण्यात बसू देणार नाहीत, ते मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "धाकल्यात बसू. फिरवनारा कोन हाय तेवढं बगायचंय मला."

तुम्ही दुपारच्या एसटीने या. विमलाबाईंना आणा, शेळीला कोणीतरी बघेल. सकाळी अंधारात निघायचंय.

आत्ता ते हॉलमध्ये सोफ्यावर मांडी घालून बसलेत आणि चहात बिस्किट बुडवतायत. चिमी उठून डोळे चोळत आली, त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि मी अडवायच्या आत विचारलं, "ते मरणारे आजोबा तुम्हीच का?"

"व्हय," तात्या म्हणाले. "पर उद्या न्हाई. उद्या मला तुज्यासंगं जायाचंय."

तनुजा